माफीची अट आणि कथनाचे स्वरूप : जबलपूरच्या ठग-जबान्यांचा तौलनिक विचार

मराठीच्या न्यायालयीन परिभाषेत ‘माफीचा साक्षीदार’ असा शब्दप्रयोग रूढ आहे. गुन्ह्यात स्वतः सहभागी असलेला, परंतु शिक्षा माफ होईल या आश्वासनावर साथीदारांविरुद्ध साक्ष देणारा आरोपी, असा त्याचा अर्थ. हिंदीत अशा माणसाला ‘मुखबिर’, ‘सरकारी गवाह’ किंवा ‘इक़बाली गवाह’ म्हणतात. त्यात कधी त्याने दिलेली खबर, कधी त्याने धरलेला पक्ष, तर कधी त्याची कबुली पुढे येते. इंग्रजी ‘अप्रूव्हर’ हा शब्द सिद्ध करण्याच्या क्रियेशी नाते सांगतो. मराठीने मात्र माफी पुढे ठेवली आणि षष्ठीचा प्रत्यय लावून साक्षीदाराला तिच्या ताब्यात दिले. व्याकरणाच्या दृष्टीने पाहिले तर माफी त्याची नाही. तो माफीचा आहे. ज्या व्यवस्थेचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे, तिचे याहून नेमके वर्णन क्वचितच करता येईल.

एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात जबलपूर येथे ठगांच्या ज्या जबान्या नोंदल्या गेल्या, त्यांच्यावर आतापर्यंत पुष्कळ लिहिले गेले आहे. हे ठग खरोखर होते काय, की ती वसाहतवादी कल्पनेची निर्मिती होती, हा वाद अभ्यासकांनी दीर्घकाळ घातला. राधिका सिंह यांच्या ‘अ डेस्पॉटिझम ऑफ लॉ’ (१९९८) या ग्रंथाने त्या प्रकरणातील कायद्याची बाजू उजेडात आणली. किम वॅग्नर यांच्या २००७ च्या ग्रंथाने ठगीचा विचार पुन्हा स्थानिक समाज आणि अर्थव्यवहाराच्या संदर्भात मांडला. साहित्याच्या अभ्यासकाला या दोन्हींच्या जोडीने आणखी एक प्रश्न विचारावा लागतो. या जबान्या ज्यांनी दिल्या, ते सर्व सशर्त माफीवर जगत होते. अट मोडली तर जुनी शिक्षा पुन्हा उभी राहणार होती आणि अट मोडली की नाही हे ठरवण्याच्या वेळी त्यांच्या बाजूने बोलणारा कोणीही नव्हता. अशा स्थितीत सांगितलेली गोष्ट कोणत्या आकाराची होते?

प्रथम स्थळाविषयी. १७८१ मध्ये सागरच्या मराठी सत्तेने गढा-मंडल्याचे राज्य घेतले, तेव्हापासून जबलपूर मराठी अंमलाखाली होते. पुढे १७९८ मध्ये पेशव्यांनी नर्मदेच्या खोऱ्याचा हा भाग नागपूरकर भोसल्यांना दिला आणि १८१७ च्या डिसेंबरात जबलपूर इंग्रजांच्या हाती गेले. त्यानंतर ‘सागर-नर्मदा प्रदेश’ या नावाने जे शासकीय एकक बनले, त्याला बंगालचे विनियम जसेच्या तसे लागू नव्हते. गव्हर्नर जनरलचा एजंट तेथे न्यायाधीशही होता आणि प्रशासकही. पुढील सारे प्रकरण समजण्यासाठी ही एक गोष्ट लक्षात ठेवणे अत्यावश्यक आहे, कारण येथे दिलेल्या शिक्षा कायम होण्यासाठी नेहमीच्या निजामत अदालतीकडे जात नसत. त्या थेट गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलकडे जात. विल्यम हेन्री स्लीमन (१७८८–१८५६) हा लष्करी अधिकारी १८२२ मध्ये नरसिंहपूरचा मुलकी कारभार पाहू लागला आणि काही वर्षांनी जबलपूरला आला. १८३५ मध्ये तो ठगी-निर्मूलनाच्या कामाचा सर्वाधीक्षक झाला व जबलपूर हे त्या कामाचे मुख्य ठाणे बनले. एजंट फ्रान्सिस कर्वेन स्मिथ हा या खटल्यांचा न्यायनिवाडा करी. पकडणारा, चौकशी करणारा आणि साक्षीदार तयार करणारा एक. त्याच्याशी सतत पत्रव्यवहार ठेवणारा न्यायाधीश दुसरा. या दोघांमध्ये आरोपीसाठी जागा फारच अरुंद उरली होती.

माफीची यंत्रणा पुढीलप्रमाणे चाले. पकडलेल्या ठगांपैकी ज्याच्याकडून अधिक माहिती मिळेल असे वाटे, त्याला साक्षीदार होण्याची संधी दिली जाई. त्याने आपले सर्व गुन्हे सांगावयाचे, साथीदारांची नावे व घराणी सांगावयाची, प्रेते पुरल्याची ठिकाणे दाखवावयाची आणि शिपायांबरोबर फिरून माणसे ओळखून द्यावयाची. त्याबदल्यात फाशी किंवा काळ्या पाण्याची शिक्षा स्थगित राही. येथे ‘स्थगित’ हा शब्द जपून वाचला पाहिजे. त्याची सुटका होत नसे. त्याला जीव मिळे, स्वातंत्र्य नव्हे. आणि एखादा खून त्याने लपवला, खोटे नाव सांगितले किंवा पळ काढला, तर माफी रद्द होऊन मूळ शिक्षा लागू होत असे. पुष्कळदा साक्षीदाराचे कुटुंबही सरकारच्या ताब्यात असे. फिरंगिया हा या सर्वांत प्रसिद्ध झालेला साक्षीदार १८३० च्या अखेरीस हाती लागला. त्याआधी त्याची आई, पत्नी आणि मूल यांना धरून ठेवले होते, आणि तो त्यांना सोडून फार दूर जाणार नाही हा स्लीमनचा हिशेब खरा ठरला. सामान्यतः उद्धृत केले जाणारे आकडे असे, की १८३१ ते १८३७ या काळात ३,२६६ ठग पकडले गेले, त्यांपैकी ४१२ जणांना फाशी झाली आणि ४८३ जण सरकारी साक्षीदार झाले. उरलेले काळ्या पाण्यावर किंवा जन्मभर तुरुंगात गेले. म्हणजे फासावर गेलेल्यांपेक्षा माफीचे साक्षीदार संख्येने अधिक होते. ठगीचा इतिहास म्हणून आपल्यापुढे जे आहे, ते बहुतांशी या ४८३ जणांचे कथन आहे.

कायदाही मागोमाग या व्यवस्थेच्या सोयीचा होत गेला. १८३६ च्या तिसाव्या अधिनियमाने ठगांच्या टोळीचा घटक असणे एवढाच गुन्हा ठरवला. त्यासाठी एखादा विशिष्ट खून सिद्ध करण्याची गरज उरली नाही आणि शिक्षा जन्मठेप व सक्तमजुरीची. १८३७ च्या एका अधिनियमाने कंपनीच्या मुलखातील कोणत्याही न्यायालयात ठगाचा खटला चालवण्याची मुभा दिली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अधिनियमाने पूर्वी शिक्षा झालेल्या माणसाची साक्ष केवळ त्या कारणाने अग्राह्य ठरणार नाही असे स्पष्ट केले. शिक्षा झालेला माणूस साक्ष देऊ शकतो आणि टोळीतला असणे हाच गुन्हा आहे, ही दोन विधाने एकत्र ठेवली की माफीच्या साक्षीदाराच्या शब्दाला केवढे बळ आले हे सहज ध्यानात येते. ‘हा आमच्यातला होता’ एवढे त्याने म्हणावयाचे होते.

या सर्व प्रक्रियेत वकील नाही. आरोपीच्या बाजूने नाही आणि ज्याच्या माफीचा प्रश्न आहे त्या साक्षीदाराच्या बाजूनेही नाही. ही गोष्ट त्या काळाच्या मानाने स्वाभाविक होती, असे म्हणून ती सोडून देण्याची प्रवृत्ती आढळते. तिला उत्तर म्हणून एकच तारीख पुरेशी आहे. ज्या १८३६ साली कलकत्त्याहून स्लीमनचा ‘रामसीयाना’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि ज्या साली तिसावा अधिनियम संमत झाला, त्याच साली इंग्लंडच्या पार्लमेंटने गंभीर गुन्ह्यांतील आरोपींना वकिलामार्फत पूर्ण बचाव करण्याचा आणि त्या वकिलाने ज्युरीसमोर भाषण करण्याचा अधिकार दिला. त्यापूर्वी इंग्लंडमध्येही आरोपीचा वकील साक्षीदाराची उलटतपासणी करू शके, पण आरोपीची कहाणी सांगू शकत नसे. कहाणी सांगण्याचा हक्क लंडनमध्ये वकिलाला मिळत होता. जबलपुरात कहाणी सांगण्याची सक्ती कैद्यावर होत होती. या दोन घटनांचा परस्परांशी थेट संबंध नाही हे खरे, तथापि एकाच साम्राज्यात एकाच वर्षी घडलेल्या या दोन गोष्टी शेजारी ठेवल्याखेरीज ‘कबुलीजबाब’ या साहित्यप्रकाराचा वसाहतकालीन इतिहास अपुरा राहील.

आता ‘रामसीयाना’ या ग्रंथाकडे वळू. त्याचा आरंभ शब्दकोशाने होतो. ठगांच्या ‘रामासी’ या गुप्त बोलीतील शब्द आणि त्यांचे इंग्रजी अर्थ त्यात दिले आहेत. त्यातील कित्येक शब्द मराठी कानाला ओळखीचे वाटतात; उदाहरणार्थ, ज्याचा खून करावयाचा त्या वाटसरूला ‘बणिज’ म्हणजे मालच म्हटले जाई, आणि ‘वाणिज्य’ हा शब्द आपल्याला परका नाही. खुनासाठी निवडलेल्या जागेला ‘बेल’ म्हणत, इशाऱ्याला ‘झिरनी’. शब्दकोशानंतर साक्षीदारांशी झालेली संभाषणे येतात. ती नाट्यसंहितेसारखी मांडलेली आहेत: प्रश्न, मग नाव, मग उत्तर. फिरंगिया, साहिब खान, नासिर अशी नावे पुन्हा पुन्हा येतात. हिंदू साक्षीदार आणि मुसलमान साक्षीदार, उत्तरेकडचे आणि दक्षिणेकडचे, यांना एकाच खोलीत बसवून स्लीमन त्यांच्या चालीरीतींतील फरक त्यांच्याकडूनच वदवून घेतो. एखाद्याचे उत्तर दुसऱ्याला पटत नाही, तेथे वाद होतो. या वादांमुळे संभाषणांना जिवंतपणा येतो, आणि पुष्कळ वाचकांना त्यांची मोहिनी पडली ती याचमुळे.

परंतु या जिवंतपणाचे मूळ कोठे आहे हे पाहिले पाहिजे. प्रत्येक बोलणारा केवळ स्लीमनशी बोलत नाही. बाजूला बसलेल्या साथीदाराच्या माफीशीही त्याचे बोलणे जोडलेले आहे. एखाद्याने एक घटना सांगितली आणि दुसऱ्याने ती सांगितली नाही, तर दुसऱ्याची माफी धोक्यात येते. म्हणून सर्वजण अधिकाधिक सांगतात. तपशील वाढतो, घराण्यांच्या वंशावळी लांबतात, शकुनांची यादी पुरी होते, देवीच्या कृपेच्या कथा एकमेकींना जुळतात. लपवणे हा अटीचा भंग असेल, तर न लपवण्याचा पुरावा म्हणजे विपुलता होय. या जबान्यांतील विपुलता ठगांच्या वास्तवाची खूण आहे की अटीची, हे त्या जबान्यांवरूनच ठरवता येणे कठीण आहे. वेगवेगळे ठेवलेल्या साक्षीदारांच्या जबान्या एकमेकींशी जुळतात की नाही हे स्लीमन तपासत असे, त्यांनी दाखवलेल्या जागी उकरून पाहत असे, आणि कित्येक ठिकाणी हाडे खरोखर सापडली. हे मान्यच केले पाहिजे. मृतांचे अस्तित्व नाकारणारा अभ्यासक मृतांवर अन्याय करतो. तरी हाडे सापडल्याने एवढेच सिद्ध होते की खून झाला; तो कोणी, कोणत्या श्रद्धेने, कोणत्या परंपरेने केला, हे हाडे सांगत नाहीत. ते सांगणारा साक्षीदार माफीचा होता.

भाषेचा प्रश्नही येथे आहे. साक्षीदार हिंदुस्थानीत बोलले, पण वाचकापर्यंत पोचले ते इंग्रजी. मूळ बोलण्यातले उरले आहेत ते रामासीचे सुटे शब्द, तिरप्या अक्षरांत, जणू एखाद्या खणलेल्या जागेवर सापडलेले खापराचे तुकडे.

फिलिप मेडोज टेलर (१८०८–१८७६) याच्या ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ (१८३९) या कादंबरीने ही सामग्री युरोपभर नेली. टेलर निजामाच्या नोकरीत होता. ठगांच्या चौकशीचा त्याला स्वतःचा अनुभव होता. मराठी वाचकाला तो ‘तारा’ (१८६३) या शिवकालावरील कादंबरीमुळे अधिक परिचित असेल. ‘कन्फेशन्स’मध्ये अमीर अली नावाचा ठग तुरुंगात आपली कहाणी ‘साहेबा’ला सांगतो. ‘रामसीयाना’तील अनेक आवाजांच्या जागी येथे एकच आवाज येतो आणि प्रश्नकर्ता जवळजवळ अदृश्य होतो. वाद नाहीसा होतो. कारण वाद घालावयाला दुसरा साक्षीदार खोलीत नाही. अमीर अली मोकळेपणाने, रंगून, प्रसंगी अभिमानानेही बोलतो. न कळत आपल्याच बहिणीचा त्याने केलेला खून ही त्या कथेची शोकात्म गाठ आहे. तिच्यामुळे वाचकाच्या मनात अमीर अलीविषयी भय आणि करुणा यांचे विलक्षण मिश्रण तयार होते.

समीक्षकांनी या निवेदनाच्या ‘विश्वसनीयते’ची चर्चा पुष्कळ केली आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते येथे विश्वसनीयतेपेक्षा माफी महत्त्वाची आहे. अमीर अली माफीचा साक्षीदार आहे. त्याची कहाणी त्याच्या जगण्याची किंमत आहे. कादंबरी ही अट चौकटीत ठेवते, पण कथेच्या आत तिला शिरू देत नाही. निवेदक काही लपवत तर नसेल, लपवले तर त्याचे काय होईल, ही शंका वाचकाला येत नाही, कारण टेलरने अमीर अलीला बोलण्याचा निखळ आनंद देऊ केला आहे. जबलपूरच्या कागदांत जे बोलणे सक्तीचे होते ते कादंबरीत स्वेच्छेचे झाले. शिक्षेच्या छायेतून सुटलेला हा निवेदक इंग्रजी कादंबरीतील खलनायक-निवेदकांच्या रांगेत जाऊन बसतो, आणि त्या रांगेत बसताना त्याच्या गळ्याभोवतीची दोरी वाचकाला दिसेनाशी होते.

याच वर्षांत मराठी मुलखात सशर्त माफीची एक वेगळी कहाणी घडत होती. ती जबलपूरच्या शेजारी ठेवण्याचे कारण असे, की तेथे अट मोडली गेली. मराठी राज्यव्यवहाराला सशर्त मोकळीक अपरिचित नव्हती. बंडखोराला ‘कौल’ देऊन परत बोलावणे, ‘अभयपत्र’ देणे, आणि वागणुकीसाठी जामीन घेणे हे नित्याचे होते. जामिनाचे प्रकारही वेगवेगळे: हजर राहण्यासाठी हाजीरजामीन, पैशासाठी मालजामीन आणि चांगल्या वर्तनासाठी फेलजामीन. पंचायतीपुढे जाणारे वादी-प्रतिवादी निवाडा मान्य करण्याचा राजीनामा आधी लिहून देत आणि हरलेला पक्ष आपली हार कबूल करणारे येजितखत लिहून देई. या पद्धतीत अट मोडणाऱ्याबरोबर त्याचा जामीनदारही अडकत असे. म्हणजे अट केवळ सरकार आणि गुन्हेगार यांच्यामधली नव्हती. तिच्यात तिसरा माणूस होता. जामीनदार हा वकील नव्हे हे उघड आहे. पण आरोपीच्या वतीने सत्तेपुढे उभा राहणारा तो एक माणूस होता, आणि जबलपूरच्या यंत्रणेतून जे गेले त्यात हा तिसरा माणूस गेला. त्याच्या जागी ओलीस धरलेली बायको आणि मूल आले. (जुनी व्यवस्था अधिक दयाळू होती असा याचा अर्थ कोणी काढू नये. जामीनदाराच्या डोक्यावर टांगलेली तलवार पुष्कळदा आरोपीपेक्षाही जड असे.)

पुरंदर तालुक्यातील उमाजी नाईक या रामोशी नायकाला इंग्रजांनी १८२८ च्या सुमारास अटींवर माफी दिली आणि सरकारी कामात घेतले. काही काळाने तो पुन्हा बंडावा करून उठला. १८३१ च्या डिसेंबरात त्याला पकडण्यात आले आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फाशी देण्यात आली. त्याच्याविरुद्धच्या मोहिमेशी संबंध असलेल्या कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश याने १८३३ मध्ये मुंबईहून रामोशांविषयी एक ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यात उमाजीचे चरित्र घातले. ‘रामसीयाना’च्या तीन वर्षे आधीचा हा ग्रंथ. दोन्ही ग्रंथांची रचना सारखी आहे: जमातीचे वर्णन, तिच्या चालीरीती, मग व्यक्ती. पण एक भेद दुर्लक्षिता येत नाही. उमाजीने अट मोडली म्हणून त्याची कहाणी त्याच्या मृत्यूनंतर दुसऱ्याने सांगितली. फिरंगियाने अट पाळली म्हणून ती त्याने स्वतः सांगितली. आज महाराष्ट्र उमाजीला आद्य क्रांतिवीर म्हणून ओळखतो, तर फिरंगियाचे नाव अभ्यासकांखेरीज कोणाला ठाऊक नाही. कोणाचा आवाज टिकला आणि कोणाचे नाव, यांचे गणित उलटे आहे. मराठी पोवाड्यांनी आणि चरित्रांनी उमाजीच्या अटभंगाला बंडाचे मूल्य दिले. माफी पाळणाऱ्याला कोणत्याही भारतीय भाषेतील लोककथेने आपले म्हटलेले नाही.

अटीची आणखी एक जात मराठी गद्यात सापडते. ६ जानेवारी १९२४ रोजी विनायक दामोदर सावरकरांची येरवड्याहून सुटका झाली ती रत्नागिरी जिल्ह्यात राहण्याच्या आणि पाच वर्षे राजकारणात भाग न घेण्याच्या अटींवर. पुढे मुदत वाढत गेली आणि पूर्ण मोकळीक मिळाली ती १९३७ मध्ये. ‘माझी जन्मठेप’ (१९२७) हे पुस्तक त्या अटींच्या काळातले आहे. या सुटकेवर आज जो राजकीय वाद चालतो त्यात येथे शिरावयाचे नाही; लक्षात घ्यावयाचा आहे तो केवळ अटीचा आकार. ठगांच्या साक्षीदाराला सर्व काही सांगण्याची अट होती, सावरकरांना काही विषयांवर न बोलण्याची. पहिलीत लपवणे हा भंग, दुसरीत उघड करणे हा. पहिल्या अटीतून विपुलता जन्मली; दुसऱ्या अटीखाली लिहिलेल्या पुस्तकाचा वाचक मात्र प्रत्येक गाळलेल्या ठिकाणी थांबून विचार करू लागतो. तुरुंगवाङ्मयाचा तौलनिक अभ्यास करताना लेखकाचा पक्ष विचारण्याआधी त्याची अट कोणत्या दिशेची होती हे विचारावे, असे येथे सुचवावेसे वाटते.

जबलपूरच्या व्यवस्थेचे पुढे काय झाले? ती कायद्यात मुरली. भारतीय दंडसंहितेच्या (१८६०) कलम २२७ ने असे ठरवले, की सशर्त सूट स्वीकारून जो जाणूनबुजून तिची अट मोडेल, त्याला मूळ शिक्षा, किंवा तिचा भोगावयाचा राहिलेला भाग, भोगावा लागेल. हेच कलम आज भारतीय न्याय संहितेत २६६ या क्रमांकाने आहे. माफीच्या साक्षीदाराविषयीची तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितांतून चालत आली: १८९८ च्या संहितेत कलमे ३३७ ते ३३९, १९७३ च्या संहितेत ३०६ ते ३०८, आणि १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ३४३ ते ३४५. माफीची अट शब्दशः तीच, जी स्लीमनची होती: गुन्ह्याविषयी माहीत असलेले सर्व काही पूर्ण आणि सत्य सांगणे. जो आधीच जामिनावर नाही, त्या साक्षीदाराला खटला संपेपर्यंत कोठडीत ठेवावे हेही राहिले. मात्र दोन गोष्टी बदलल्या. पुराव्याच्या १८७२ च्या अधिनियमाने साथीदाराची साक्ष ग्राह्य मानली, पण महत्त्वाच्या तपशिलांत तिला दुजोरा मिळाल्याशिवाय ती विश्वासार्ह समजू नये असे गृहीतक न्यायालयाला दिले. आणि माफीची अट मोडल्याचा आरोप आता केवळ अधिकाऱ्याच्या मताने सिद्ध होत नाही. सरकारी वकिलाने तसे प्रमाणित केले तर साक्षीदारावर मूळ गुन्ह्याचा वेगळा खटला चालतो. त्याची पूर्वीची जबानी त्याच्याविरुद्ध वापरता येते हे खरे. परंतु ‘मी अट पाळली आहे’ असा बचाव त्याला घेता येतो आणि ती पाळली नाही हे सिद्ध करण्याचा भार फिर्यादी पक्षावर असतो.

दुजोरा आणि वकील या दोन गोष्टींनी काय फरक पडतो हे चौरीचौरा प्रकरणात दिसले. ४ फेब्रुवारी १९२२ च्या घटनेनंतर चाललेल्या खटल्यात सेशन्स न्यायालयाने १७२ जणांना फाशीची शिक्षा दिली. अलाहाबादच्या उच्च न्यायालयात मदनमोहन मालवीय आरोपींच्या बाजूने उभे राहिले आणि १९२३ मध्ये फाशीची संख्या १९ वर आली. शिकारी नावाच्या माफीच्या साक्षीदाराच्या जबानीचे शाहिद अमीन यांनी ‘सबाल्टर्न स्टडीज’च्या पाचव्या खंडात (१९८७) जे वाचन केले, ते या प्रकारच्या संहितेचे भारतीय अभ्यासातील सर्वांत सूक्ष्म वाचन होय. जबानी न्यायालयाच्या गरजेनुसार कशी रचली जाते हे त्यांनी दाखवले. जबलपूरच्या जबान्यांना ही पद्धत लावताना एक अडचण मात्र येते. चौरीचौऱ्यात जबानीला विरोध करणारे वकिलांचे युक्तिवाद आणि अपिलाचे निकालपत्र उपलब्ध आहे. जबलपुरात प्रतिपक्षाची संहिताच नाही. एका बाजूचे कागद वाचून दुसऱ्या बाजूची कल्पना करावी लागते.

जबलपूरच्या पुढील इतिहासाशी या विषयाचा संबंध तुटलेला नाही, आणि त्यात मराठीचाही एक धागा आहे. १९५४ मध्ये तेव्हाच्या मध्य प्रदेश राज्याने कैद्यांना परिवीक्षेवर सोडण्याचा कायदा केला. त्या वेळी राज्याची राजधानी नागपूर होती आणि विदर्भाचे मराठी भाषक जिल्हे त्याच राज्यात होते. म्हणजे हा कायदा नागपूरच्या विधिमंडळाने केला. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ वेगळा झाला आणि मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय जबलपूरला आले. या कायद्यानुसार कैद्याला परवान्यावर सोडता येते, मात्र त्याने सरकारी अधिकाऱ्याच्या किंवा त्याच्याच धर्माच्या एखाद्या व्यक्तीच्या वा संस्थेच्या देखरेखीखाली राहावयाचे. अट मोडली तर परवाना रद्द आणि पुन्हा तुरुंग. ‘त्याच धर्माच्या’ हे शब्द वाचताना जुन्या जामीनदाराची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी नाहीसा झालेला तिसरा माणूस येथे पालकाच्या रूपाने परत आलेला दिसतो. केंद्राचा १९५८ चा अपराधी परिवीक्षा अधिनियम याहून सौम्य आहे. बंधपत्राची अट पहिल्यांदा मोडली तर न्यायालय बंधपत्र चालू ठेवून पन्नास रुपयांपर्यंत दंड करू शकते. अन्यथा मूळ गुन्ह्याची शिक्षा सुनावता येते, पण संबंधिताचे म्हणणे ऐकून. १८३५ मध्ये ज्या गावात अटभंगाचे उत्तर दोर होता, त्या गावात आता ते पन्नास रुपयांपासून सुरू होऊ शकते.

तरीही ऐकून घेणारे न्यायालय गृहीत धरता येत नाही, हेही जबलपूरच्याच नावाने नोंदले गेले आहे. आणीबाणीत स्थानबद्ध झालेल्यांच्या अर्जांना अनुकूल निर्णय देणाऱ्या उच्च न्यायालयांत जबलपूरचे होते. त्याविरुद्धच्या अपिलात, ‘अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी, जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ल’ या खटल्यात, २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने स्थानबद्धाला न्यायालयाचे दार बंद केले. एकटे हंसराज खन्ना विरोधात होते. बहुमतात यशवंत विष्णू चंद्रचूड होते; २०१७ मध्ये तो निर्णय चुकीचा ठरवणाऱ्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठात त्यांचे पुत्र धनंजय चंद्रचूड होते. दरम्यान १७ ऑगस्ट १९७८ च्या होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालाने गरीब कैद्याला अपिलासाठी राज्याच्या खर्चाने वकील मिळणे हा न्याय्य प्रक्रियेचा भाग ठरवला. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९९५ मध्ये अमलात आला, आणि मध्य प्रदेशाच्या राज्य विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय जबलपूरलाच आहे.

ठगी व डकैती विभाग १९०४ मध्ये बंद झाला. त्याचे दप्तर दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे आणि त्यातील छापील इंग्रजी भागावरच बहुतेक साहित्यिक अभ्यास उभे आहेत. कादंबरीपासून तुलना सुरू करून मागे ‘रामसीयाना’कडे जाण्याचा जो क्रम रूढ आहे तो बदलून, हस्तलिखित जबान्यांपासून आरंभ करावा. त्यांतील प्रत्येक जबानीच्या शेजारी ती देणाऱ्याची त्या दिवशीची कायदेशीर स्थिती लिहावी: शिक्षा सुनावली होती की नव्हती, माफी कायम झाली होती की विचाराधीन होती, कुटुंब कोठे होते. १८३७-३८ च्या सुमारास जबलपुरात साक्षीदारांना आणि त्यांच्या मुलाबाळांना तंबू, सतरंज्या विणण्यास लावणारी जी उद्योगशाळा उघडली गेली, तिच्या हजेरीपटांची जोड त्याला देता येईल. माफी मिळालेली माणसे तेथे भिंतीच्या आत म्हातारी झाली. त्यांची मुले, ज्यांनी कोणतीही अट मान्य केलेली नव्हती, तीही त्याच भिंतीच्या आत वाढली. त्या मुलांनी आपल्या बापांविषयी कोणत्या भाषेत काय सांगितले, हा शोध अजून व्हावयाचा आहे.